रंगनाथाचे दोर

फार मागची गोष्ट आहे. डोंगरातल्या वाटा माणसे पायांनीच मोजत होती, तेव्हाची. मुलांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, कारण यातली चूक मोठ्यांची आहे.

एका खोल दरीच्या काठी बाजारपेठेचे गाव होते. तिथे त्रिंबकशेट आणि सगुणाबाई हे श्रीमंत जोडपे राहत असे. रंगनाथ हा त्यांचा एकुलता एक मुलगा. वय पंचविशीचे, अंगात धमक, पण हाताला यश नव्हते. वडिलांनी त्याला तेलाचा घाणा घालून दिला, तो बंद पडला. मग गुऱ्हाळ काढून दिले, तेही बंद पडले. त्यानंतर रंगनाथ दोन महिने घराबाहेर पडला नाही. जेवायला बसला तरी नुसता ताटाकडे बघत राही.

एके दिवशी तो म्हणाला, की मला दोर वळायचा कारखाना काढायचा आहे. मुलगा पुन्हा बोलू लागला याचाच आईवडिलांना इतका आनंद झाला, की शेटनी त्याच आठवड्यात नदीकाठी जागा घेतली, अंबाडी आणवली, कारागीर बसवले.

पहिला महिना गेला. एकही दोर खपला नाही. रंगनाथ पुन्हा ताटाकडे बघू लागला.

सगुणाबाईंना ते बघवेना. त्यांनी परगावच्या एका गाडीवानाला बोलावले आणि सांगितले, की व्यापारी म्हणून जा आणि असतील तेवढे दोर विकत घेऊन ये. दोर आले, गावाबाहेरच्या जुन्या वखारीत पडले, वखारीला कुलूप लागले. त्या दिवशी रंगनाथ पोटभर जेवला.

मग दर महिन्याला तेच होऊ लागले. शेटना हे पसंत नव्हते. पण मुलाचा हसरा चेहरा दिसला, की तेही गप्प बसत.

कारखान्यात भिवा नावाचा मुरलेला कारागीर होता. त्याने एकदा मालकाला सांगितले, की अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, आणखी दोन उन्हे वाळू द्या. ओल्या वाखाचा दोर वरून छान दिसतो, पण आतून कुजत जातो. रंगनाथ हसला. म्हणाला, "भिवाकाका, दोर वाईट असते तर व्यापारी दर महिन्याला आला असता का?"

भिवा खाली मान घालून पीळ देत राहिला.

ज्याचा माल शिल्लक राहत नाही, त्याचे नाव लांब जाते. रंगनाथाचे नाव दरीपलीकडच्या वाडीपर्यंत गेले. त्या वाडीला बाजारात यायचे तर दरीला वळसा घालून तीन दिवस चालावे लागे. वाडीचा कारभार तुळाई नावाची म्हातारी बघत असे. ती स्वतः आली आणि दरीवर झुलता पूल बांधायला दोर मागितले. बदल्यात वाडीने वर्षभर जमवलेला मध दिला. रंगनाथाचे हे पहिले खरे गिऱ्हाईक. पण ते पहिले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. आईवडिलांना ठाऊक होते, आणि आता आपले काम संपले म्हणून त्यांना हायसे वाटले.

महिन्याभरात पूल उभा राहिला. तो खुला करायच्या दिवशी सकाळी शेट वखारीत गेले. आता लपवाछपवी नको, वखार रिकामी करून टाकावी, असे त्यांच्या मनात होते. त्यांनी ढिगातला एक दोर ओढला. तो हातात तुटला. दुसरा ओढला, तोही तुटला. मग त्यांनी अगदी गेल्या महिन्यातला दोर काढून पायाखाली धरला आणि जोर लावला. तोही तुटला, आतले पेड काळे पडले होते.

शेट धावत दरीवर पोचले. तिथे रंगनाथ आणि सगुणाबाई आधीच आले होते, आणि वळशाने बाजाराला आलेली तुळाई आणि वाडीतली अकरा माणसे आता पुलावरून परतीला निघाली होती. डोक्यावर मिठाची आणि बियाण्याची गाठोडी होती. दोन बायांच्या पाठीला लेकरे बांधलेली होती.

शेटनी बायकोच्या कानात सगळे सांगितले. 

"त्याला चारचौघांत सांगू नका," सगुणाबाई पुटपुटल्या. "काहीतरी निमित्त काढा."

शेटनी निमित्ते काढली. मुहूर्त चांगला नाही म्हणाले. आधी सगळ्यांनी जेवून घ्यावे म्हणाले. वारा सुटला आहे, उद्या जा म्हणाले. तुळाईने आभाळाकडे बोट दाखवले. ढग उतरत होते आणि पेरणी तोंडावर आली होती. आजच जायला हवे, असे तिने सांगितले.

तेव्हा रंगनाथ पुढे झाला. "दोर माझे आहेत. पहिला मी जातो."

त्याने पहिल्या फळीवर पाय ठेवला. मागोमाग तुळाई निघाली. पूल कुरकुरला. रंगनाथाने दुसरे पाऊल टाकले, मग तिसरे. 

"रंगनाथ, मागे फिर," सगुणाबाई म्हणाल्या. "या पुलाआधी तुझा एकही दोर कुणी विकत घेतला नव्हता. सगळे आम्हीच घेतले. वखारीत कुजून पडलेत."

तो थबकला. आई भीतीपोटी काहीही बोलते आहे, असे त्याला वाटले. त्याने वडिलांकडे पाहिले. शेट मान खाली घालून म्हणाले, "खरं आहे ते."

तुळाई आणि रंगनाथ हळूहळू मागे आले. तुळाईने धोंड्यांनी भरलेली दोन पोती पुलावर ठेवायला लावली. पलीकडे थांबलेल्या वाडीच्या गड्यांनी ती, पूल बांधताना दरीवर टाकलेल्या आपल्या जुन्या दोराने ओढायला घेतली. पोती मध्यावर पोचली आणि डाव्या बाजूचा दोर तुटला. पूल उलटा झाला. पोती दरीत गेली, त्यांचा आवाज बऱ्याच वेळाने वर आला.

तुळाई शेटकडे वळली.

"पोराला भांडवल दिलंत, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण एका गिऱ्हाइकानं जरी याच्या तोंडावर दोर फेकला असता, तर आज आम्ही इथं मरायला उभे राहिलो नसतो."

वाडीची माणसे वळशाच्या वाटेने गेली. वाटेत पावसाने गाठले, बियाणे भिजले. शेटनी दुसरे पाठवले, पण पेरणीची वेळ टळून गेली होती. त्या वर्षी वाडी एक वेळच जेवली.

रंगनाथ बरेच दिवस आईवडिलांशी बोलला नाही. कारखाना बंद करून तो भिवाच्या ओसरीवर दोर वळायला शिकू लागला. चार महिन्यांनी आपला पहिला दोर घेऊन आठवड्याच्या बाजारात बसला. एका शेतकऱ्याने तो घेतला आणि पुढच्या बाजाराला परत आणून टाकला. पीळ सैल आहे, म्हणाला.

रंगनाथाने घरी येऊन हे आईला सांगितले. सगुणाबाईंच्या जिभेवर आले होते, की असू दे, मी बघते काहीतरी. त्यांनी ते शब्द गिळले आणि विचारले, "मग आता काय करणार?"

"उकलून पुन्हा वळणार," तो म्हणाला, आणि जेवायला बसला.

दोन वर्षांनी तुळाई त्याच्याकडे आली. तिने दोर ताणून पाहिला, वास घेतला, पेड उलगडून आत डोकावली. "अजून एक पावसाळा टिकू दे, मग बघू," म्हणाली आणि निघून गेली. रंगनाथाने तो दोर पावसात टांगून ठेवला.

बोध: मुलांना भांडवल जरूर द्यावे, पण जगाने दिलेला नकार त्यांच्यापासून लपवू नये.