कडी न लावलेले दार

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. ज्यांनी मला सांगितली, त्यांनाही ते ठाऊक नव्हते.

डोंगरांचा आणि धुक्याचा एक देश होता. तिथे माणसांपेक्षा मेंढरे जास्त आणि मेंढरांपेक्षा कवी जास्त, असे शेजारच्या देशातले लोक चेष्टेने म्हणत. तिथल्या एका गावात एक उपदेशक राहत असे. देवळात तो बोलू लागला की दगडालाही पाझर फुटे. देव कसा आहे, यावर त्याने एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. तो गावात कुणी वाचला नव्हता, पण गावाला त्याचा अभिमान फार.

एवढे असूनही उपदेशकाच्या मनात एक सल होता. दरवर्षी सुगी संपली की राजधानीत कवींचा मेळा भरे आणि सर्वांत चांगल्या कवीला कोरीव लाकडाची खुर्ची मिळे. कविता टोपणनावाने पाठवायची, अशी तिथली रीत. निकालाच्या दिवशी आधी कविता वाचून दाखवत. मग भालदार ते टोपणनाव तीनदा पुकारी आणि गर्दीतून कवी उभा राही. तिसऱ्या हाकेलाही कुणी उठले नाही, तर खुर्ची रिकामी राही आणि कवी कोण, हे कधीच कळत नसे.

उपदेशक दरवर्षी कविता पाठवी आणि दरवर्षी हात हलवत परत येई. परीक्षक म्हणत, "भाषा चोख, वृत्त चोख, पण आत जीव नाही." हे त्याला फार लागे. देवाविषयी इतके जाणणाऱ्या माणसाला खुर्चीचा मोह सुटू नये, याचे नवल वाटेल. पण मोह काही विद्वत्ता पाहून वाट बदलत नाही.

एका हिवाळ्यात गावातल्या एका विधवेचा एकुलता एक मुलगा चुकलेले कोकरू शोधायला बर्फात गेला, तो परतलाच नाही. बाई धीराची. डोळ्यांतून टिपूस न काढता ती स्वतः मेंढरे राखू लागली. बर्फ वितळल्यावर एके दिवशी ती उपदेशकाकडे आली.

"गुरुजी, कुणाला बोलले नाही ते तुम्हाला सांगते," ती म्हणाली. "मी अजून दाराला कडी लावत नाही. तो आला तर त्याला बाहेर थांबावं लागू नये. त्याचे लोकरीचे मोजे रोज चुलीपाशी उबेला ठेवते. दिराच्या कानावर गेलं, तर बाई वेडी झाली म्हणेल आणि मेंढरं हाकून नेईल. तुमच्या पोटातच राहू द्या हे."

"राहील, माई," उपदेशक म्हणाला. आणि तेव्हा तो मनापासूनच म्हणाला होता.

पण लेखणी हातात घेतली की त्याला दुसरे काही सुचेना. उघडे दार आणि चुलीपाशी ठेवलेले मोजे कवितेत आपोआप उतरले. आपण नाव तर घेतले नाही ना, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. विद्वान माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही.

मेळ्याला सारे गाव गेले. उपदेशकाच्या पुढच्याच बाकावर ती बाई आणि तिचा दीर बसले होते. निवडलेली कविता वाचली जाऊ लागली. कडी न लावलेल्या दाराची ओळ आली आणि मांडवात हुंदके फुटले. दीरही डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, कोण असेल हो ही माउली? कुठल्या गावची असेल?"

"कोण जाणे," बाई म्हणाली. तिने शालीचे टोक मुठीत घट्ट आवळले होते. मागे वळून मात्र तिने पाहिले नाही.

भालदाराने पहिली हाक दिली. उपदेशकाचे काळीज सुपाएवढे झाले. दुसऱ्या हाकेला तो उठायला गुडघ्यांवर हात टेकत होता, तेवढ्यात दीर मान वळवून कवीला शोधू लागला. उपदेशक जागीच थबकला. आपण उठलो, की हा आधी आपल्याकडे पाहील, मग वहिनीकडे पाहील. पुढे त्याला कुणी काही सांगावे लागणार नाही.

तिसरी हाक आली. उपदेशक बसून राहिला.

खुर्ची झाकून आत नेली. तो कवी कोण, यावर त्या देशात अजून वाद घालतात म्हणे. उपदेशकाला रडू आले. आणि खोटे कशाला बोला, त्यातले निम्मे खुर्चीसाठीच होते.

गावी परतल्यावर तो बाईच्या घरी गेला. "माई, मी तुमचा अपराधी आहे."

"पहिल्या ओळीलाच ओळखलं मी," ती म्हणाली. "अंगाची आग आग झाली. म्हटलं, आता हा माणूस उठणार आणि माझं घर उठवणार. तीन हाका झाल्या, पण तुम्ही उठला नाहीत."

तिने चुलीत एक लाकूड सारले. मग ती म्हणाली, "तिथं सगळी रडली, गुरुजी. मलाच रडता आलं नाही, दीर शेजारी होता. आता मला एकटीला म्हणून दाखवा."

उपदेशकाने सुरुवात केली, तशी तिने त्याला हाताने थांबवले.

"थांबा. मध्येच कुणी यायला नको."

ती उठली आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच तिने दाराला कडी लावली. मग कविता ऐकता ऐकता ती पोटभर रडली.

बोध एवढाच: विश्वासाने सांगितलेले दुःख पोटातच ठेवावे, ते विकून मिळवलेल्या मानाच्या खुर्चीत कुणालाही सुखाने बसता येत नाही.