कारभाऱ्यांच्या मांडीवरचं लोणी

आमच्या गावच्या ठकूबाईची जीभ तिच्या रवीइतकीच सफाईनं फिरायची. एकदा ती भर दरबारात उभी राहिली. "महाराज, आमचा रस्ता पार उखडलाय. अडलेली बाई गाडीतून न्यायची, तर वाटेतच जीव जायची पाळी येते."

कारभारी दाजीसाहेब मिशीला पीळ देत हसले. "बाई खोटं बोलते, महाराज. मी स्वतः रस्ता करून घेतलाय. पोटातलं पाणी हलत नाही!"

"मग दहीसुद्धा हलायचं नाही," ठकूबाई म्हणाली. "उद्या गावात येऊन माझं दह्याचं गाडगं तेवढं इथं आणा. दही तसंच राहिलं, तर तक्रार मागं घेते."

महाराजांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईनं कारभाऱ्यांसमोर अर्धं गाडगं सायीचं दही भरलं आणि तोंडाला फडकं बांधलं. कारभाऱ्यांनी गाठीवर मोहोर उठवली. वाटेत कुणी हात लावू नये म्हणून ते गाडगं मांडीवर घेऊनच बैलगाडीत बसले.

दरबारात महाराजांनी मोहोर फोडली. आत ताक, आणि ताकावर लोण्याचा पांढराशुभ्र गोळा!

"आम्हाला रवी लागते, दोरी लागते, दंड भरून येईस्तोवर घुसळावं लागतं," ठकूबाई म्हणाली. "कारभाऱ्यांचं काम नुसतं बसून झालं!"

कारभाऱ्यांनी मान खाली घातली. रस्ता नव्यानं करायचा हुकूम तिथंच सुटला.

ठकूबाईनं ताठ मानेनं लोण्याचा गोळा उचलला. "रस्त्यानं काढलेलं हे शेवटचं लोणी, महाराज. यापुढं आमचं आम्ही घरी घुसळू!"