टिटवीची माया बघायला आलेली मंडळी

एका राजधानीत एक वैद्य होता. कोणाला अपचन झालं, कोणाला झोप येईना, की तो एकच औषध सांगायचा, "डोंगरावर जा आणि हवा खा." हवा राजधानीतही होती, पण ती सगळ्यांची वापरून झालेली होती.

लोकांना सल्ला पटला. पण एकट्याने हवा खाणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी मंडळ काढलं. अध्यक्ष म्हणून रेशमाचा एक व्यापारी निवडला गेला. त्याला निसर्गाची फार आवड. दिवाणखान्यात त्याने पोपटांचे तीन पिंजरे टांगले होते. दर अष्टमीला मंडळी डोंगरावर जाऊ लागली. तिथे फार शांतता असते असं ऐकल्यामुळे जाताना ती ढोल घेऊन जात.

डोंगराच्या माथ्यावर मोठं पठार होतं आणि तिथे एक गुराखी गुरं चारायचा. या पठारावर टिटव्या राहत. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये, ती चार ठिपकेदार अंडी घालते. खडे कुठले आणि अंडी कुठली, हे चटकन कळत नाही. म्हणून अंडी दिसली की गुराखी त्यांच्याभोवती मोठ्या दगडांचं कडं करायचा. कडं दिसलं की गुरं वळवायची. त्याचा बापही असंच करायचा.

यंदा पठारावर एकच कडं होतं. ते मंडळींना दिसलं.

"हे काय रे?" अध्यक्षांनी विचारलं.

"टिटवीची अंडी आहेत, शेठजी."

"वा! तुला बरंच कळतं की!"

गुराख्याला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. तो खूश झाला. पुढच्या अष्टमीला मंडळाने त्याला लांबलचक जरीचा फेटा बांधला आणि 'डोंगराचा मानकरी' ठरवलं. मग अध्यक्ष म्हणाले, "नुसती अंडी काय बघायची? आई त्यांच्यावर येऊन बसते, ती माया बघायची." आणि मंडळींनी कड्याभोवती सतरंज्या अंथरल्या.

टिटवी वर घिरट्या घालत जीव तोडून ओरडत होती. "काय गोड गळा आहे!" एक बाई म्हणाल्या.

"जरा लांब बसलात तर ती खाली येईल," गुराखी म्हणाला.

"लांबून दिसणार कसं?"

"पण शेठजी, ऊन चढलंय. अशा उन्हात ती डबक्यात पोट भिजवून येते आणि अंडी गार ठेवते."

"येऊ दे की! आम्ही कुठे अडवलंय? आम्ही तर तिचीच वाट बघतोय."

गुराख्याला आणखी बोलायचं होतं. बोलावं तर डोक्यावर फेटा होता. त्याने तो सावरला. मंडळी जेवली, थोडी लवंडली, आणि उन्हं उतरल्यावर उठली. "अगदीच निष्ठुर आई हो," जाता जाता बाई म्हणाल्या. "दिवसभरात एकदासुद्धा आली नाही."

उन्हाने तापलेल्या त्या अंड्यांतून पिल्लं निघालीच नाहीत. टिटवी आणखी काही दिवस त्यांच्यावर बसली, मग उठून गेली.

गुराख्याने घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "गुरांना अक्कल नाही म्हणून तुम्ही दगड लावलेत. गुरं बिचारी दगड बघून वळली. शहाण्यांनी दगड बघून मुक्काम केला."

"मी सांगितलं होतं त्यांना."

"सांगितलंत खरं. पण फेटा सावरत सांगितलंत."

काही दिवसांनी टिटवीने पठाराच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा अंडी घातली. हंगाम सरत आला होता. ही अंडी गेली, तर या वर्षी पठारावर पिल्लं नाहीत. गुराख्याने या वेळी कडं केलं नाही. गुरांना वळवायला तो स्वतःच त्या बाजूला उभा राहू लागला. दिवसभर, उन्हात, अंड्यांपासून बराच लांब.

अष्टमी आली. या वेळी मंडळी दुप्पट होती, कारण अध्यक्षांनी प्रधानांच्या घरच्यांना माया दाखवण्याचं कबूल केलं होतं. टिटवी उठली आणि ओरडू लागली.

"अंडी कुठे आहेत रे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आहेत. पण दाखवणार नाही."

"पाहुण्यांसमोर असं बोलतोस? मानकरी कोणी केलं तुला?"

"तुम्हीच."

"मग तो फेटा परत दे. आत्ताच्या आत्ता!"

आता हा अपमान चारचौघांत होणार होता आणि गुराख्याचे कान लाल झाले. एक शब्द बोलला असता तर फेटा डोक्यावरच राहिला असता. त्याने फेटा सोडायला सुरुवात केली. फेटा फार लांब होता, त्यामुळे वेळ लागला. मंडळींना दुसऱ्याची फजिती बघायला आवडते, म्हणून सगळे ढोल खाली ठेवून, जागेवरून न हलता, त्याच्याकडे बघत राहिले. त्यांची पाठ पठाराच्या त्या टोकाकडे होती.

गुराख्याचं तोंड तिकडे होतं. फेट्याच्या अर्ध्यावर टिटवीचं ओरडणं थांबलं. ती लांब उतरली, थोडी धावली, थांबली, पुन्हा धावली. मग ओलं पोट अलगद टेकवून अंड्यांवर बसली. गुराख्याने फेट्याचे उरलेले पीळ आणखी सावकाश सोडले.

फेटा घेऊन मंडळी रागारागाने उतरून गेली. 'या डोंगरावर बघण्यासारखं काही नाही' असा ठराव मंडळात एकमताने झाला.

पुढे एका सकाळी टिटवी तिथे नव्हती. गवतातून तिचा हळू आवाज येत होता, पिल्लांना बोलावते तसा. गुराखी पुढे गेला नाही.

"दिसली का पिल्लं?" बायकोने विचारलं.

"नाही."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा नाही," तो म्हणाला आणि पोटभर जेवला.

तात्पर्य सांगायचंच तर एवढं: रानातली माया बघण्याची हौस असेल, तर आधी ती माया करायला जागा सोडावी. मग ती आपल्याला दिसली नाही तरी चालतं.