प्रसादाचं पथ्य

“महाराज, प्रसादाला कुठं पथ्य असतं का?”

वामननं हे विचारलं तेव्हा ताट त्याच्या हातातच होतं. ताटात पुरणपोळी, तिच्यावर तुपाची अख्खी वाटी उपडी केलेली. विश्वंभर महाराजांनी ताटाकडे पाहिलं, हसले आणि मुगाची उसळ मागितली.

वामनचं तोंड एवढंसं झालं.

मठाचं स्वयंपाकघर तरुणपणापासून त्याच्या हातात. कृष्णाकाठच्या त्या पंचक्रोशीत लोक महाराजांच्या दर्शनाला येतात की वामनच्या बेसनाच्या लाडवांना, असं टवाळ मंडळी विचारायची, आणि ते ऐकून वामनला मनातून गुदगुल्या व्हायच्या. महाराजांनी आजवर कुणाचा घास परत केला नव्हता. कुणी पेढे आणले, कुणी बासुंदी. समोरचा हिरमुसू नये म्हणून ते खात गेले.

मग एका गुरुवारी, आरती चालू असताना, महाराज छाती धरून खाली बसले.

तालुक्याच्या डॉक्टर वैजयंती इनामदार या मठाच्या जुन्या भक्त. पण त्या दिवशी त्यांनी भक्तीबिक्ती बाजूला ठेवली. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, म्हणाल्या. औषधं चालतीलच, पण ताटही बदलायचं. भूमध्य समुद्राकाठची माणसं पूर्वापार जेवत आली तसं जेवायचं. भाज्या आणि फळं भरपूर, कडधान्यं रोज, धान्य कोंड्यासकट, मूठभर अक्रोड-बदाम, तुपालोण्याऐवजी तेल आणि गोडधोड सणापुरतं. तिकडे मासेही खातात, ते मठात नकोत. असं जेवणाऱ्यांना हृदयाचे झटके कमी येतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. ऑलिव्हचं तेल परवडत नसेल तर आपलं शेंगदाण्याचं घ्या, पण बेतानं.

महाराज ‘बरं’ म्हणाले. त्यांच्यापुरता विषय संपला.

वामनचा कुठला संपतोय! कुठल्या समुद्राकाठचं जेवण, आणि ते आपल्या मठात? शिवाय देवापुढून आलेलं तूप बाधेल तरी कसं? खरं सांगायचं तर त्याला रडू यायचं. इतकी वर्षं ज्या हातानं वाढलं तो हातच महाराजांना नकोसा झाला, असं त्यानं मनाला लावून घेतलं होतं.

म्हणून त्या दुपारी पुरणपोळीचं ताट परत आलं तेव्हा त्यानं शहाणपणा केला. उसळ आणली खरी, पण आणण्याआधी देवापुढच्या वाटीतलं तूप तिच्यात ओतलं आणि चांगलं ढवळलं. यात आपण काही वाईट करतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. उलट महाराजांच्या अंगी लागेल म्हणून तो खूश होता.

महाराजांनी पहिला घास तोंडात घातला.

चावता चावता थांबले…

वामन भिंतीकडे बघत उभा राहिला. आता बोलणी बसणार, असं त्याला वाटलं. महाराजांनी कसाबसा घास गिळला, ताट बाजूला सारलं आणि त्याला जवळ बसवून घेतलं.

“नैवेद्य कुणाला दाखवतोस रे?”

“देवाला.”

“आणि देव कुठं असतो?”

हे तर वामनला पाठ होतं. मठातल्या प्रत्येक कीर्तनात त्यानं ते ऐकलं होतं.

“माणसाच्या हृदयात, महाराज.”

महाराजांनी अंगावरचं उपरणं बाजूला केलं, वामनचा हात धरला आणि त्याचा तळवा आपल्या छातीवर ठेवला.

बोटांना अजून तुपाचा ओशटपणा होता. त्यांच्याखाली एक ठोका लागला. मग दुसरा. मग…

काहीच नाही.

वामनचा जीव टांगणीला लागला. तो वाट बघत राहिला.

…

मग ठोका आला. अडखळत, घाईघाईनं, उशीर झालेल्या माणसासारखा.

वामनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. छातीवरचा हात काढायचा त्याला धीर होईना. शेवटी महाराजांनीच तो हलकेच बाजूला केला आणि तुपाच्या उसळीचं ताट त्याच्या हातात परत दिलं.

“जा. आता वाढून आण.”