बाकावरचा रुमाल

आटपाट नव्हे, चांगलं धुरकट आणि गजबजलेलं एक नगर होतं. त्या नगरात सलोमी नावाची एक मुलगी राहायची. वय वर्षं नऊ, पाठीवर दोन वेण्या, फ्रॉक उसवलेला, आणि एका चपलेचा अंगठा पिन लावून जोडलेला. आई देवाघरी गेली तेव्हापासून सलोमी या घरून त्या घरी फिरत होती. काकांकडे सहा महिने, आत्याकडे चार. कुणी मारत नव्हतं, कुणी उपाशी ठेवत नव्हतं. पण जिथे म्हणून बसावं, तिथे कुणीतरी म्हणायचंच, "जरा सरक गं." सरकता सरकता बिचारी प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी येऊन टेकायची. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, आईचा रुमाल. पांढराशुभ्र, कडेनं निळी वेल, आणि कोपऱ्यात एक पिटुकलं लाल फूल.

महिन्यापूर्वी ती रिबेकामावशीकडे आली. मावशीची खोली चर्चच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली. सकाळी मावशी शाळेत शिवण शिकवायची आणि दुपार कलली की पत्र्याची निळी पेटी उचलून रस्त्यावर राहणाऱ्या माणसांकडे निघायची. पेटीत साबण, फणी, खोबरेल तेल, नखं काढायचं यंत्र, मलम आणि पट्ट्या. पुलाखालच्या आजोबांची नखं काढायची, सिग्नलजवळच्या बाईच्या केसांतला गुंता सोडवायची. प्रत्येकाला नाव विचारायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावानं हाक मारायची. कुणी नाक मुरडून विचारलं, "बाई, किळस नाही येत?" तर मावशी हसून म्हणायची, "अहो, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. मला नखं काढायला कसली लाज?"

पण एकीपुढे मावशीनंही हात टेकले होते. कंपनी बागेत, आटलेल्या कारंज्याजवळ, एका सिमेंटच्या बाकाच्या टोकाला एक म्हातारी बसायची. तीन पावसाळे ती तिथून हलली नव्हती. ती नावही सांगायची नाही आणि गावही. मावशी मायेनं तिच्याशेजारी जाऊन बसली रे बसली, की म्हातारी कडाडायची, "ऊठ! ऊठ आधी तिथनं!" एकदा तर तिनं पाण्याचा डबाच भिरकावला. मावशी आपली पाव ठेवून मागं यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. चिवट होती मावशी!

आता मात्र चिवटपणालाही वेळ उरला नव्हता. म्हातारीच्या पायाला जखम झाली होती. पाय भोपळ्यासारखा सुजला होता आणि बोटं काळीनिळी पडली होती. मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येऊन लांबूनच पाय पाहून गेल्या होत्या. "आज दिवेलागणीपर्यंत आणलंत तर पाय वाचेल," त्या म्हणाल्या होत्या. "उद्यावर गेलं तर पाय जाईल. आणि कदाचित आजीही."

सलोमीनं ते ऐकलं. आई गेली तेव्हाही मोठी माणसं अशीच हळू आवाजात बोलत होती.

दवाखान्याची गाडी बागेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. गाडी चालवणारा पॉलसदादा घड्याळाकडे बघत म्हणाला, "मावशी, दिवे लागले की मला निघावंच लागेल. ही गाडी दुसऱ्या पेशंटला न्यायचीय. दोघं मिळून उचलू या का सरळ?"

"नको रे," मावशी म्हणाली. "ओढून नेलेलं माणूस पुन्हा कुणाच्या हातात हात देत नाही." मग ती सलोमीकडे वळली. "बाळा, नळावरून डबा भरून आण. निदान तिला पाणी तरी देऊ."

सलोमी धावली. नळाजवळ गुलबक्षीचं रान माजलं होतं. संध्याकाळची चाहूल लागून फुलं नुकती डोळे उघडत होती, गुलाबी, पिवळी, आणि निम्मी गुलाबी निम्मी पिवळी! खाली कुणीतरी बर्फाचा गोळा सांडला होता. त्या लालभडक चिकट पाकात काहीतरी चमचम करत धडपडत होतं.

"अगं बाई! फुलपाखरू!" सलोमी वाकली.

"फुलपाखरू कुणाला म्हणतेस?" एक बारीक, घुंगरासारखा आवाज आला. "मी परी आहे. आणि या गोळ्याच्या पाकात माझा पार मुरांबा झालाय!"

अंगठ्याएवढीशी परी होती ती. सलोमी आधी दचकली, मग तिला हसू आलं. तिनं ओंजळीत पाणी घेऊन परीला हळूहळू धुतलं. इवलाले हात धुतले, इवलाले पाय धुतले, अगदी मावशी धुते तसे, बोटाबोटांच्या मधून. मग आईच्या रुमालाच्या कोपऱ्यानं टिपून कोरडं केलं. आणि काय सांगू! परीच्या पाठीवर पंख उलगडले. वरची कड जांभळी, मधला पट्टा केशरी आणि खालची झालर चांदीची.

"तू देवदूत आहेस?" सलोमीनं कुजबुजत विचारलं.

"छे गं! त्यांची कामं मोठी असतात. माझं चालतं ते फुलापानांवर, वाऱ्यापाण्यावर आणि कापडाच्या दोऱ्यावर. दुखणी बरी करणं मला जमत नाही. पण माझ्या पंखांत तीन रंग आहेत, म्हणून तुला तीन इच्छा. फक्त हे ध्यानात ठेव." आणि परीनं ठेका धरला.

"स्वतःसाठी मागू नको,
मन कुणाचं ओढू नको,
दिवे लागले बागेमध्ये
की मग मला शोधू नको!"

सलोमीनं आकाशाकडे पाहिलं. सूर्य पाण्याच्या टाकीला टेकायला आला होता. तिनं डबा भरला, परीला खांद्यावर घेतलं आणि धूम ठोकली.

बाकाशी मावशी हात जोडून उभी होती. म्हातारी तोंड फिरवून बसली होती. सलोमीला वाटलं, एवढ्या दुखऱ्या पायानं फाटकापर्यंत चालायचं कसं, म्हणूनच आजी उठत नसणार! ती पुटपुटली, "परी, आजीसाठी फुलांची डोली होऊ दे."

सर्रकन गुलबक्षीच्या वेण्या धावत आल्या, एकमेकींत गुंफल्या, आणि बाकापुढे एक मऊ, झुलती, जांभळ्या झिरमिळ्यांची डोली उभी राहिली. पॉलसदादाचा वासलेला आ काही मिटेना. परीच्या पंखावरचा जांभळा रंग मात्र पुसला गेला.

म्हातारीनं डोलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माझं लगीन हाय व्हय?" ती खेकसली. "न्या ते फुलाचं गाडं हितनं!"

डोली कोमेजून गेली. टाकीमागं सूर्य अर्धा बुडाला. फाटकाशी गाडीचा भोंगा वाजला, पॉम पॉम. सलोमीला काही सुचेना. घाबरलेलं माणूस आधी करू नये तेच करतं, तसं तिचं झालं. मावशीचं बोलणं कानांवर पडूनही ती म्हणाली, "परी, वारा येऊ दे. आजीला अल्लद उचलून गाडीत ठेवू दे!"

वारा आला. केशरी धुळीचा भोवरा बाकाभोवती फिरू लागला. म्हातारी दोन बोटं वर उचलली गेली असेल नसेल, तोच तिच्या शेजारचं गोणपाट उडालं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ते नेहमी अंथरलेलं असायचं. ते उडताच म्हातारीनं अशी किंकाळी फोडली की झाडावरचे पोपट उडाले. "माझी जागा! माझी जागा गेली!" तिनं वाऱ्यातून स्वतःला खाली झोकून दिलं, गोणपाटावर पालथी पडली आणि ते छातीशी धरलं. पायाची जखम फुटली. खड्यांवर रक्ताचे थेंब पडले.

"थांब! थांबव!" सलोमी ओरडली. वारा पडला. केशरी रंगही गेला. मावशी धावली, पण म्हातारीनं तिला हात लावू दिला नाही. खुरडत खुरडत ती बाकावर चढली, गोणपाट पुन्हा अंथरलं आणि त्यावरची धूळ झटकली.

सलोमीला रडू फुटलं. आपणच आजीला पाडलं! पळून जावं असं तिला वाटलं. पण रडत्या डोळ्यांनीच तिला काहीतरी दिसलं. आजीची स्वतःची साडी मळून काळी झाली होती, आणि गोणपाट मात्र स्वच्छ होतं. आजी स्वतः थंड सिमेंटवर बसायची, आणि गोणपाट रिकामं असायचं. मावशी रोज मायेनं बसायची ती नेमकी त्याच गोणपाटावर!

सलोमी गोणपाटाजवळ गेली नाही. आजीच्या समोर, खड्यांत, खाली मांडी घालून बसली.

"आजी, चुकले मी. मला माफ करा," ती म्हणाली. "ही जागा कुणाची आहे?"

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. तीन पावसाळ्यांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. सगळे तिचंच नाव विचारत होते.

"माझ्या लेकाची," ती हळूच म्हणाली. "यष्टीला टाइम हुता. हितं बसवलं मला आन् म्हनला, आई, जागा धर, पानी घिऊन आलोच. म्या रुमाल टाकला हुता त्याच्या जाग्यावर. वाऱ्यानं न्हेला. मंग गोनपाट टाकलं. म्या उठले आन् त्यो आला, तर बसंल कुटं त्यो? म्हनंल, आईनं जागाबी नाई धरली."

मावशीनं तोंडावर पदर धरला. पॉलसदादा भोंगा वाजवायचा विसरला. सूर्य टाकीमागं नखाएवढा उरला होता.

"परी," सलोमी कुजबुजली, "त्याला आणता येईल?"

परीनं मान हलवली. "माणसाचे पाय त्याच्या मनानं वळतात, राणी. मला मन ओढता येत नाही."

सलोमीनं बाकावरच्या गोणपाटाकडे पाहिलं. मग तिनं फ्रॉकच्या खिशातून आईचा रुमाल काढला. निळी वेल, पिटुकलं लाल फूल. "परी, हा मी आजीच्या लेकाच्या जागेवर टाकते. आजी बरी होऊन येईपर्यंत हा उडू नये, कुणी उचलू नये. जमेल?"

"जमेल. पण मग मलाच त्यावर बसून राहावं लागेल," परी म्हणाली. "आणि एक ऐक. असा टाकलेला रुमाल परत घेता येत नाही. तो त्या जागेचाच होतो."

सलोमीनं रुमाल नाकाशी धरला. त्या रुमालाला अजून आईचा वास होता, किंवा तिला तसा वाटायचा. फाटकाजवळचा पहिला दिवा मिणमिण करू लागला.

तिनं डोळे मिटले आणि रुमाल टाकला.

चांदीची एक लकेर बाकावर उतरली आणि निळ्या वेलीत शिरली. रुमाल गोणपाटावर असा बसला, जणू तिथंच विणला होता. म्हातारीनं तो ओढून पाहिला. तिनं नखानं त्याचा कोपरा उचकटायचा प्रयत्न केला, फुंकरही मारली. रुमाल जागचा हलला नाही.

"लई घट धरलंय की गं," ती म्हणाली. एक मोठा श्वास तिच्या छातीतून बाहेर पडला. मग तीन पावसाळ्यांत पहिल्यांदाच तिनं मावशीपुढे हात केला. "चल बाय. पर लवकर हितं परत आनून सोड मला."

बागेतले दिवे एकामागून एक लागले, आणि गाडी निघाली.

सतरा दिवस गेले. बागेत धुळीची वावटळ आली, कुत्री भांडली, पोरांनी चेंडू आपटले, माळ्यानं झाडू मारला. रुमाल तसाच राहिला. सलोमी रोज येऊन बघून जायची. ती बाकाजवळ उभी राहायची, पण बसायची नाही. दुसऱ्याच्या जागेवर बसायचं नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अठराव्या दिवशी संध्याकाळी मावशीच्या खांद्यावर हात टेकत म्हातारी बागेत आली. अंगावर स्वच्छ साडी, हातात काठी, आणि पाय दोन्ही शाबूत! दवाखान्यात तिनं आपलं नाव सांगितलं होतं, गिरजाबाई. आता ती रात्री मावशीच्या खोलीत निजणार होती आणि रोज संध्याकाळी बाकावर येणार होती. मावशीनं तसा शब्दच दिला होता.

गिरजाआजी आपल्या टोकाला बसली. रुमालावरून तिनं कितीतरी वेळ हात फिरवला. लेक काही आला नव्हता. सलोमी बाजूला उभी होती. तिच्या मनात आलं, चिमणीएवढ्या खोलीत आता आजी आली. म्हणजे आपल्याला पुन्हा कुणाकडे तरी सरकावं लागणार.

"ए पोरी," आजीनं हाक मारली. "उबी का? हितं बस की." तिनं रुमालावर थाप मारली. "जागा धरलीया तुजी."

सलोमीला खरंच वाटेना. "पण आजी, तुमचा मुलगा आला तर?"

"आला तर आला! बाक काय ल्हान हाय व्हय? समदी सरकून घिऊ."

सलोमी पुढं झाली आणि आईच्या रुमालावर बसली. मावशी हसली आणि आजीच्या पायाशी बसून तिनं निळी पेटी उघडली. तेवढ्यात लाल फुलातून परी बाहेर आली, सतरा दिवस बसून अवघडलेली, डोळे चोळत. तिनं सलोमीच्या नाकाच्या शेंड्यावर एक इवलीशी पापी दिली. तिच्या पंखांत जांभळा, केशरी, चांदी, सगळे रंग परत आले होते. ते आधी लुकलुकले, मग लखलखले, आणि बघता बघता गुलबक्षीची सारी झुडपं उजळून निघाली. त्या उजेडात परी मिसळली आणि दिसेनाशी झाली.

मग बागेतले दिवे लागले. त्या संध्याकाळी सलोमीला "सरक" म्हणणारं कुणीही नव्हतं.