जीपची भिंत

करंबेवाडीची शाळा डोंगराच्या अगदी पायथ्याशी. दरड रोखायला भिंत हवी म्हणून सरपंच इंदुमती शिगवण तीन वर्षं आपत्ती निवारण निधीसाठी अर्ज करत होत्या. अखेर पाहणीला साहेब आले. शाळेमागच्या सावलीत जीप लागते न लागते, तोच वरून चार खडे टपावर आदळले.

"अरे, गाडी आधी मैदानात घे!" साहेब ड्रायव्हरवर ओरडले.

मग फाइल उघडून म्हणाले, "सरपंचबाई, इथे दरड कोसळल्याची नोंद नाही. धोका नाही, असं लिहितो."

"लिहा की साहेब," इंदुमतीबाई म्हणाल्या. "फक्त शाळेला चाकं नाहीत, हेही लिहा. असती तर आम्हीही तिला मैदानात घेतली असती."

साहेबांनी टपावरचा खडा उचलून पाहिला आणि फाइलीत 'धोका आहे' असं लिहिलं.

पावसाळ्याआधी भिंत उभी राहिली. गाव तिला अजून 'जीपची भिंत'च म्हणतं.