ओमेरचा मुका डाव

फार फार वर्षांमागे, कॅनडाच्या उत्तरेत हिवाळा आला की रस्ते बुजायचे आणि गोठलेलं तळं हाच रस्ता व्हायचा, तेव्हाची ही गोष्ट. ब्रुलेत नावाच्या गावात देल्विना नावाची बाई राहायची. कुऱ्हाड घेऊन ती तळ्यावर जायची, बर्फावर दोन घाव घालायची, कान लावून ऐकायची आणि मग सांगायची, जा किंवा नको. तिच्या शब्दावर अख्खं गाव पलीकडच्या काठाला जायचं.

ओमेर तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून हिनंच त्याला वाढवलं, हिनंच त्याच्या पायांत स्केट्स बांधून तळ्यावर उभं केलं. पुढे तो आइस हॉकीत असा चमकला, की मोठ्या शहरातली माणसं त्याच्या नावानं वेडी झाली. तो धावला तरी बर्फावर ओरखडा उठत नसे, असं म्हणतात. त्यानं मारलेली रबरी चकती गोलकीपरला दिसायचीच नाही, जाळं हललेलं तेवढं दिसायचं. खरंखोटं त्या जाळ्याला ठाऊक.

सात वर्षांनी तो घरी आला, तोही मार्च संपता संपता. देल्विना सकाळीच तळ्यावर जाऊन आली होती. बर्फ राखाडी पडला होता आणि घाव घातला की भुसभुशीत आवाज देत होता.

"खेळायचं का गं?" लोकांनी विचारलं.

"नाही."

दुपारी पुन्हा आले. ती चिडली. "एकदा सांगितलं ना, नाही म्हणून!"

तिसऱ्यांदा विचारलं ते ओमेरनं. स्टिक खांद्यावर टाकून तो दारात उभा राहिला. "ताई, मोठा झाल्यापासून तू मला खेळताना पाहिलंच नाहीस गं. शहरात तू येणार नाहीस, आणि मी परत कधी येईन कुणास ठाऊक. एकच डाव."

खरंच होतं ते. देल्विनाचा जीव तुटला. "काठाकाठानं खेळा," ती म्हणाली. "अर्धा तास, बस्स."

त्या दिवशी ओमेर जसा खेळला तसं कुणी कधी खेळलं नाही, असं म्हणतात. खेळ काठावरून सरकत सरकत मध्यावर गेला. अर्धा तास उलटून गेला. बर्फ पहिल्यांदा कण्हला तेव्हा एरवी देल्विनानंच तो सगळ्यांआधी ऐकला असता. पण माणसं ओमेरच्या नावानं ओरडत होती, आणि सगळ्यात मोठ्यानं तीच ओरडत होती.

नऊ जण पाण्यात गेले. ओमेर पोटावर आडवा झाला आणि स्टिक पुढे करून त्यानं एकेकाला बाहेर ओढलं. आठवा निघाला आणि ओमेरच्या खालचा बर्फही गेला. नववा होता म्हातारा गोलकीपर फिर्मिन. तो बुडत असताना खालून कुणीतरी त्याच्या हातात स्टिक दिली आणि त्याला वर लोटलं, असं म्हणतात. फिर्मिन वर आला तेव्हा त्याच्या मुठीत ओमेरची स्टिक होती. ओमेर सापडला मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर.

देल्विनाला कुणी चकार शब्द बोललं नाही. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. पुढची तीस वर्षं ती दर हिवाळ्यात कुऱ्हाड घेऊन जात राहिली, कारण बर्फ ऐकता येणारं दुसरं कुणी नव्हतं.

अजूनही ब्रुलेतची एक बाई त्याच कुऱ्हाडीनं बर्फ बघते. तिला एकदाच विचारायचं. जो दुसऱ्यांदा विचारील, त्यानं त्या हिवाळ्यात स्केट्सला हात लावायचा नाही. तिनं हो म्हटलं तर खेळतात, त्याला ओमेरचा डाव म्हणतात. सारं गाव काठावर जमतं. चकती जाळ्यात जाते, खेळणारे हात वर करतात, पण ओरडत कुणीच नाही, लहान मुलंसुद्धा नाहीत. सगळे बर्फ ऐकत उभे असतात.